पालीचे शेपूट आणि अण्णांचा अंगठा

कला शाखेत शिकणाऱ्या मुलीने प्राणिशास्त्रावर लिहावे, ही काहींना लुडबूड वाटेल. माझे विषय मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र. अंकासाठी माझ्याकडून एखादी कविता किंवा आईवरचा लेख येईल, अशी संपादक मंडळातील मॅडमची अपेक्षा होती. मी मात्र लिहिणार आहे ते एका अशा प्राण्याविषयी, ज्याला हाडे नाहीत, रक्त नाही, मेंदू नाही, आणि जो आमच्या अणदूरपासून शेकडो किलोमीटर दूर समुद्रात राहतो. मी अजून समुद्र पाहिलेला नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात पावसाळ्यात बोरी नदी बंधाऱ्यावरून उड्या घेते, तेवढेच मोठे पाणी माझ्या ओळखीचे. तेव्हा वाचकहो, चूकभूल गृहीत धरूनच पुढे वाचावे.

या प्राण्यापर्यंत मी आपणहून पोहोचले नाही. मला तिकडे पाठवले ते आमच्या अण्णांनी.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. अण्णांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही, आई दुसरीपर्यंत गेली. अशा घरातले पोर कॉलेजात जाऊ लागले, की त्याला सगळे येते असे घर धरून चालते. विजेचे बिल का वाढले, औषधाच्या पाकिटावर काय लिहिले आहे, सोयाबीनचा भाव का पडला, सारे मलाच विचारले जाते. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, हे सांगून उपयोग नसतो. "कालेजात जातीस न्हवं?" एवढे म्हणून आई विषय मिटवते.

अण्णा द्राक्षबागेत मजुरीला जातात. आमच्या तुळजापूर तालुक्यात जिथे पाणी आहे तिथे बागा आहेत, आणि बाग म्हटली की वर्षातून दोनदा छाटणी आली : उन्हाळ्यात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. छाटणीत अण्णांचा हात धरणारा आमच्या वस्तीवर कोणी नव्हता. उजव्या हातात कात्री, डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात काडी, आणि किती डोळे ठेवायचे ते नजरेनेच ठरलेले. २०१९ च्या उन्हाळ्यात एका मालकाच्या गोठ्यावर कडबा कुट्टी करताना त्यांचा डावा अंगठा गेला. यंत्र साधेच असते. एका बाजूने ज्वारीच्या कडब्याची पेंढी सारायची, दातेरी रूळ ती आत ओढतात आणि चाकावरची पाती तिचे तुकडे करतात. कडबा कोणता आणि हात कोणता, हे त्या रुळांना कळत नाही. लोकांनी हळद दाबली, टॉवेल गुंडाळला आणि मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेले. तुटलेला तुकडा कुट्टीतच राहिला. तो शोधावा, असे त्या गडबडीत कोणालाच सुचले नाही.

दोन महिन्यांत जखम भरली. मालक एकदा घरी आले, चहा घेतला, हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "भरली की झकास!" भरपाईचा शब्द ना त्यांनी काढला, ना आमच्याकडच्या कोणी काढण्याचे धाडस केले. 'जखम भरली' या दोन शब्दांवर ते सगळे प्रकरण मिटले.

त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचे बोट लोखंडी दाराच्या फटीत सापडले. बारक्या तेव्हा चार वर्षांचा होता. मधल्या बोटाचे टोक अर्ध्या नखासकट गेले. आईने आकांत मांडला. एकाच घरात दोन थोटे, असेच तिला वाटले असणार. गावातल्या डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी बांधली, टाका घातला नाही, आणि म्हणाले, "लहान आहे, येईल." आम्हाला ती समजूत घालण्याची भाषा वाटली. पण तीन महिन्यांनी खरोखरच बोटाला गोल टोक आले, त्यावर नख आले. आज बारक्या नऊ वर्षांचा आहे आणि त्याचे कोणते बोट तुटले होते, हे आईला आठवून सांगावे लागते.

मागच्या दिवाळीत भिंतीवरच्या पालीला बारक्याने झाडूने हुसकले. तिचे शेपूट तुटून खाली पडले आणि वळवळू लागले. अण्णा ते बराच वेळ पाहत होते. मग मला म्हणाले, "पालीचं शेपूट परत येतंय. बारक्याचं बोट आलं. मग माझा अंगठा का येत न्हाई गं?"

मला आधी थट्टा वाटली. पण ते उत्तराची वाट पाहत थांबले होते.

पालीचे उत्तर सोपे निघाले. पालीच्या शेपटीतल्या मणक्यांत मोडण्याच्या जागा जन्मापासूनच ठरलेल्या असतात. शत्रूने पकडले की ती स्वतःच स्नायू आवळून तिथून शेपूट सोडून देते. त्याच आवळण्याने रक्तवाहिन्या मिटतात, म्हणून रक्त फारसे सांडत नाही. सोडलेले शेपूट वळवळत राहते, शत्रू त्याच्यामागे लागतो आणि पाल पसार होते. नवे शेपूट येते खरे, पण ते पहिल्यासारखे नसते. त्यात मणके येत नाहीत, कूर्चेची एक सलग नळी असते. वरचे खवले आणि रंगही वेगळे दिसतात. जुन्या घराला नवी पडवी काढल्यासारखे ते लगेच ओळखू येते. शिवाय शेपटीत साठवलेली चरबीही तुटलेल्या तुकड्याबरोबर जाते. म्हणजे पालीलाही ते फुकट पडत नाही.

एवढे मी अण्णांना सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही. "शेपूट सोडायचं म्हून सोडलं तिनं. माझा काय सोडायचा नव्हता." हा मुद्दा मला खोडता आला नाही. म्हणून मी आमच्या विज्ञान शाखेच्या प्राणिशास्त्राच्या सरांकडे गेले. "तुझा विषय कोणता?" त्यांनी विचारले. मी इतिहास म्हटल्यावर ते हसले, पण बसायला खुर्ची दिली.

सरांनी सुरुवात इतिहासापासूनच केली. अठराव्या शतकात हॉलंडमध्ये अब्राहम ट्रेंब्ले नावाचा एक मास्तर एका सरदाराच्या मुलांना शिकवायला होता. डबक्यातल्या पाण्यात त्याला हिरवा, केसाएवढा बारीक जीव दिसला. वनस्पती की प्राणी हे कळेना, म्हणून त्याने तो कापून पाहिला. १७४० च्या त्या सुमारास वनस्पतीच तेवढी कापली तर पुन्हा फुटते, अशी समजूत होती. दोन्ही तुकड्यांपासून दोन पूर्ण जीव तयार झाले, आणि ते हालत होते, भक्ष्य पकडत होते. तो जीव म्हणजे हायड्रा. १७४४ साली ट्रेंब्लेचे पुस्तक निघाले आणि युरोपातले विद्वान हातात कात्री घेऊन डबक्यांकडे धावले. हा हायड्रा आपल्याकडेही आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्याच्यावर अनेक वर्षे काम केले, आणि त्यांनी अभ्यासलेल्या एका वाणाच्या नावात 'पुणे' हा शब्दच आहे.

मग सरांनी मोबाईलवर एक चित्रफीत लावली. काळ्या पाण्यात काचेचा एक अक्रोड तरंगत होता. त्याच्या अंगावर उभ्या आठ रेघा होत्या आणि त्या रेघांवरून तांबडा, हिरवा, निळा असे रंग धावत होते. दिवाळीच्या माळेसारखे दिसले ते मला. हे टिनोफोरा. या ग्रीक नावाचा अर्थच कंगवे धारण करणारा. त्या प्रत्येक रेघेत अतिसूक्ष्म केसांचे कंगवे एकाखाली एक बसवलेले असतात. ते वल्ह्यासारखे हलतात आणि प्राणी पुढे सरकतो. धावते रंग त्याचे स्वतःचे नसतात. हलत्या कंगव्यांवर उजेड फुटतो आणि त्याचे रंग होतात. अरबी समुद्रातही या कुळातले जीव आहेत. सर म्हणाले, कोकणात जाळ्यात येतात, पण पाण्याबाहेर काढले की हातात नुसती लिबलिबीत ओल उरते.

सरांनी दाखवलेल्या जातीचे नाव नेमिऑप्सिस. मूळचा अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याचा. जहाजे तोल राखण्यासाठी पोटात पाणी भरून घेतात. त्या पाण्यातून १९८० नंतरच्या दशकात तो काळ्या समुद्रात गेला, आणि तिथल्या माशांची अंडी, पिल्ले आणि त्यांचे खाद्य खाऊन त्याने कोळ्यांचा धंदा बसवला. दिसायला नाजूक, पण जीव असा चिवट.

त्याला कापले तर काय होते? माझ्या प्रश्नाचे उत्तर इथे दडलेले होते. जखमेच्या कडा एकमेकींकडे सरकतात आणि काही तासांत मिटतात. कुठे कापले होते ते नंतर शोधूनही सापडत नाही. व्रण म्हणून काही राहत नाही. मग आतून नव्या पेशी तयार होऊ लागतात. कंगव्यांच्या रांगा येतात, डोक्याकडचे तोल सांभाळणारे इंद्रिय गेले असेल तर तेही येते. तीन-चार दिवसांत प्राणी पुन्हा पूर्ण. पुन्हा कापा, पुन्हा येतो.

फ्लोरिडातील एका सागरी प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०१९ साली याच प्राण्यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो ऐकताना मी वहीत लिहायचे थांबले. त्यांनी कापलेल्या प्राण्याला असे औषध दिले, की नव्या पेशी तयार होणे थांबावे. जखम तरीही मिटली, ठरलेल्या वेळात, नीट मिटली. पण गेलेला भाग आला नाही. औषध काढून घेतल्यावर गेलेला भाग पुन्हा येऊ लागला. म्हणजे जखम भरणे हे एक काम आणि गेलेले परत येणे हे दुसरे काम. पहिले झाले म्हणून दुसरे झाले, असे होत नाही. मला आमच्या घरी चहा पिऊन गेलेले ते मालक आठवले.

माणसाचे शरीर पहिल्या कामात मोठे हुशार आहे. रक्त गोठते, लगोलग पेशी धावून येतात आणि कोलॅजन नावाच्या चिवट धाग्यांचे ठिगळ घालून तोंड बंद करतात. तो आपला व्रण. रानात कुऱ्हाड लागलेल्या माणसाला रक्त जाऊन किंवा जखम चिघळून मरण्यापेक्षा ठिगळ बरे. पण ठिगळ पडले की त्या जागी पुढे काही उगवत नाही. आईच्या पोटात सुरुवातीच्या महिन्यांत मात्र बाळाच्या कातडीवरची जखम व्रणाशिवाय भरते, हे मला नवीन होते. ती विद्या आपण जन्माआधीच गमावून बसतो.

हे सगळे मी रोज संध्याकाळी अण्णांना थोडे थोडे सांगत असे. ते शेतातला माणूस, त्यांना हे कळायला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला. "खोडव्यावानी म्हन की," ते म्हणाले. ऊस तोडला तरी जमिनीतल्या खोडाला डोळे असतात, त्यांतून खोडवा फुटतो. द्राक्षाचेही तसेच. काडी छाटायची आणि डोळ्यांना पेस्ट लावायची, म्हणजे ते एकसारखे फुटतात. "माझ्या अंगठ्याला डोळाच न्हाई ऱ्हायला. न्हाईतर लावली असती पेस्ट." मी सांगितले, की पेस्टसारखेच एक औषध लोकांनी बेडकाच्या पिल्लांना लावून पाहिले आहे. भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठातल्या प्रियंवदा मोहंती हेजमाडी यांनी बेडकाच्या पिल्लांची शेपटी कापून त्यांना 'अ' जीवनसत्त्व दिले, तेव्हा शेपटीच्या जागी चक्क पाय फुटले. १९९२ साली हे प्रसिद्ध झाले. (या बाई ओडिसी नृत्यातल्या नामवंत कलावती आहेत. कला आणि विज्ञान या दोन इमारतींच्या मध्ये आपल्याकडे जो चिंचोळा बोळ आहे, तो त्यांना कधी आडवा आला नसावा.) अण्णांनी विचार केला आणि म्हणाले, "मग नको. अंगठ्याच्या जागी कान आला तर काय करू?"

अण्णांना पेस्टची गरज का आणि बारक्याला ती का पडली नाही, याचेही उत्तर मिळाले आणि ते 'डोळ्या'च्याच जवळचे निघाले. इंग्लंडमध्ये शेफील्ड येथील मुलांच्या इस्पितळात सिंथिया इलिंगवर्थ या डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आले, की लहान मुलांच्या बोटाचे तुटलेले टोक टाके न घालता नुसते स्वच्छ पट्टीत ठेवले तर बारा-एक आठवड्यांत आपोआप परत येते. १९७४ साली त्यांनी तसे लिहिले. अट एकच, कापणी नखाच्या मुळाच्या पुढे झालेली असावी. नखाच्या मुळाशी काही विशेष पेशी असतात. नख जन्मभर वाढते ते त्यांच्यामुळे, आणि बोटाच्या टोकालाही वाढण्याचा निरोप तिथूनच जातो. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २०१३ साली उंदरांवर हे दाखवून दिले. बारक्याचे अर्धे नख शाबूत होते. अण्णांचा अंगठा पार खालच्या सांध्यापासून गेला; नखाचे मूळ कुट्टीत गेले. आमच्या गावच्या डॉक्टरांनी शेफील्डचे नाव ऐकले होते की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी टाका घातला नाही आणि 'येईल' म्हणाले, ते नुसते समजूत घालणे नव्हते.

अंगठाच जावा, यात एक वेगळा त्रास होता. तो वाचकांपैकी ज्यांचे आईवडील सही करतात त्यांना चटकन कळणार नाही. अण्णा अंगठाबहाद्दर. आपल्याकडे पुरुषाने निशाणी म्हणून डावा अंगठा उठवायचा असा रिवाज आहे. मी पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. एका कार्यालयात खिडकीमागच्या माणसाने शाईचा डबा पुढे सरकवला आणि मान वर न करता म्हटले, "डावा अंगठा." अण्णांनी हात पुढे केला. तो माणूस त्या हाताकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "डावाच लागतो, साहेबांना विचारावं लागेल, उद्या या." दुसऱ्या दिवशी उजवा अंगठा चालला. तसा नियम आधीपासूनच आहे, हे आम्हाला नंतर कळले. पण एका दिवसाची मजुरी गेली होती.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी त्या डब्याचाही माग काढला. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराचा सगळा पंजाच शाईत बुडवून करारावर उठवला. त्याने करार नाकारू नये म्हणून. तिथून हा प्रवास सुरू झाला, आणि १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरीच निघाली. रेशन दुकानातले आजचे यंत्र त्याच घराण्यातले. कोनाईचे बरे होते, त्याचा पूर्ण पंजा चालला.

त्या दिवशी एस. टी.तून परत येताना अण्णा म्हणाले, "मला सही शिकीव." आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सुरुवात केली. त्यांचे नाव विठ्ठल. पहिल्याच धड्याला जोडाक्षर! 'वि' दोन दिवसांत आला, 'ल' एका संध्याकाळी आला, पण ठ खाली ठ चढवताना पेन्सिलीची टोके मोडत. ते पेन्सिल छाटणीच्या कात्रीसारखी मुठीत धरत, आणि डाव्या हाताने कागद दाबून ठेवायला अंगठा नसल्यामुळे कागद फिरे. शेवटी त्यांनी कागदावर अडकित्ता ठेवायला सुरुवात केली. संक्रांतीपर्यंत सही जमली. मी दुसऱ्या वर्षाला आले तेव्हा प्रवेश अर्जावर 'पालकाची सही अथवा अंगठा' या ओळीत त्यांनी 'विठ्ठल' असे लिहिले. इतके हळू, की पाठीमागची रांग खोकू लागली. त्यांनी लक्ष दिले नाही.

महाभारतात एकलव्याने अंगठा कापून दिल्यावर उरलेल्या बोटांनी बाण मारून पाहिला, पण पहिल्यासारखा वेग राहिला नाही, असे सांगितले आहे. आपण गुरुदक्षिणेविषयी बोलतो आणि ही गोष्ट विसरतो. अण्णा अजून छाटणीला जातात. काडी आता पहिल्या आणि मधल्या बोटाच्या कात्रीत धरतात. पूर्वी ते सगळ्यांच्या पुढे असत, आता मधल्या ओळीत असतात. टोळीतले लोक चांगले आहेत; मजुरी सारखीच वाटतात. तरी संध्याकाळी अण्णा स्वतःच किती वेली कमी झाल्या ते सांगतात.

एक माहिती मात्र मला अण्णांना सांगवेना, ती मी इथे लिहिते. तुटलेले बोट पुन्हा जोडता येते. १९६५ साली जपानमधील नारा येथे कोमात्सु आणि तामाई या शल्यविशारदांनी पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या शिवून जोडला. तेव्हापासून जगभर हे होत आले आहे. त्यासाठी तुटलेला तुकडा शोधायचा, स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचे आणि ती पिशवी बर्फात ठेवायची. तुकड्याला बर्फ थेट लावायचा नाही, पाण्यातही बुडवायचा नाही. आणि काही तासांच्या आत अशी शस्त्रक्रिया करणाऱ्या मोठ्या इस्पितळात पोहोचायचे. कुट्टीने ठेचलेला तुकडा प्रत्येक वेळी जोडता येतोच असे नाही, हेही खरे. पण ज्यांच्या घरी कुट्टी आहे, मळणी यंत्र आहे, त्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावे. आपल्या वर्गातल्या निम्म्या घरांत कुट्टी आहे.

अण्णांना मी दुसरी एक गोष्ट सांगितली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन जखमी नेमिऑप्सिस अंगाला अंग लावून ठेवले, तर रातोरात ते दोघे मिळून एक झाले. एकाला टोचले की दोघे दचकत; एकाने खाल्लेले दुसऱ्याच्या पोटात जाई. आईला हे अजिबात अवघड वाटले नाही. आमच्या खंडोबाची मूर्ती वर्षातले बरेच महिने अणदूरला असते आणि उरलेले नळदुर्गला. देव एक आणि गावे दोन. दोन गावांना एक देव पुरतो, तर दोन जिवांना एक पोट का पुरू नये, असे तिचे म्हणणे.

अण्णांना जास्त आवडले ते दुसरेच. या प्राण्याचे पिल्लूपणी बरोबर दोन भाग केले, तर काही अर्धे पूर्ण होतात, पण काही होत नाहीत. त्यांच्या अंगावर आठाऐवजी चारच रांगा राहतात आणि तसेच ते पोहतात, खातात, जगतात. का, ते अजून नीट उलगडलेले नाही. "म्हंजे त्यांच्यातबी हायत माझ्यासारखी," अण्णा म्हणाले. मग मी त्याच कुळातल्या बेरोईचे सांगितले. तोही कंगवेधारी, तोही काचेसारखा, पण त्याचा कापलेला भाग परत येत नाही. अण्णा एकदम पुढे सरकून बसले. "आन् त्यो जगतोय कसा?"

मी वही पाहून सांगितले, की बेरोई ही नुसती तोंड उघडी पिशवी असते, आणि तिचे मुख्य खाणे म्हणजे नेमिऑप्सिस. अख्खाच्या अख्खा गिळतो. १९९७ साली हा बेरोई काळ्या समुद्रात येऊन पोहोचला, आणि ज्याने कोळ्यांचा धंदा बसवला होता त्या नेमिऑप्सिसची संख्या उतरली.

अण्णा इतके हसले, की बारक्या अंथरुणातून उठून आला. "आगं ऐकलंस का," त्यांनी चुलीकडे तोंड करून आईला हाक मारली, "ज्याचं परत येत न्हाई, त्योच त्याला गिळतोय!"

आई म्हणाली, "भाकरी थंड व्हायलीय. जेवा आता."